ओहायोत वरवंटा शोधताना

बॅगेतला वरवंटा मीच बाहेर काढायला लावला. २००४ सालचा ऑगस्ट होता. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पहिल्यांदाच अमेरिकेला निघालो होतो. आमच्या हिनं डिंक, खारीक, हळकुंडं, मेतकूट, झबली, टोपरी या सगळ्यांच्या मधोमध, जुन्या लुगड्यात गुंडाळून घरचा वरवंटा ठेवला होता. बॅग काट्यावर चढवली आणि माझं डोकं फिरलं. "अगं, दगड काय विमानातून न्यायचा? जिथं जमीन तिथं दगड. तिथं गेल्यावर हवा तसला उचलून देतो." आयुष्यभर हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवलेल्या माणसाचा शब्द म्हणून हिनं तो मानला. वरवंटा काढला आणि त्या जागी आणखी खारीक भरली.

आमच्या बाजूला, म्हणजे साताऱ्याकडे, असं वाटणं अगदी साहजिक आहे. नांगर घातला तर दगड, विहीर खणली तर दगड, चालताना ठेच लागली तर तोच दगड. काळा, जड, वाजवला तर खणकन वाजणारा. दगड म्हणजे तो. दुसऱ्या जातीचेही दगड असतात हे पुस्तकातून मीच मुलांना शिकवलं होतं. पण पुस्तकातलं वेगळं आणि आपण मनात धरून चालतो ते वेगळं.

वरवंटा चटणीसाठी नको होता, चटणीला लेकीकडे मिक्सर होता. तो हवा होता पाचवीला. मूल पाचव्या दिवसाचं झालं की संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, बाळाचं डोकं टेकवायचं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचं. पुढे बारशाला त्याच वरवंट्याला झबलं-टोपरं घालून बाळाच्या आधी पाळण्यात घालायचं. मूल दगडासारखं टणक व्हावं, टिकावं, एवढीच त्यातली मागणी.

टिकावं, हा शब्द आमच्या घरात तेव्हा कुणी उच्चारत नव्हतं. आदल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आमचा व्हिसा झालेला नव्हता आणि ही फोनचा रिसीव्हर धरून स्वयंपाकघरात बसून राहिली होती. लेकीनं नंतर त्याचा विषय कधी काढला नाही, आम्ही काढायला गेलो तर "आई, नको ना" म्हणून बंद करायची. म्हणून या खेपेला हिनं ठरवलं होतं की आपल्या हातून काही म्हणता काही राहू द्यायचं नाही. हे मला ठाऊक होतं, आणि तरी वरवंटा मीच काढायला लावला होता.

लेक-जावई राहायचे डब्लिनला. ओहायोतलं डब्लिन. दोघंही कंप्युटरवाले. त्यांची वसाहत इतकी नवी होती की अर्ध्या प्लॉटांवर अजून मक्याची खुंटं दिसत होती. रस्ते होते, दिव्याचे खांब होते, माणसं नव्हती. सकाळी गाड्या गॅरेजातून परस्पर बाहेर पडायच्या आणि संध्याकाळी परस्पर आत शिरायच्या. मी आपला रोज फिरायला निघायचो. रस्ता विचारावा तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळी घरं एका छापाची, सगळे रस्ते वळणावळणाचे, आणि एकदा वळलं की दिशा कुठल्या कुठे. दुसऱ्याच दिवशी मी असा हरवलो की दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी जाऊन घंटा वाजवली आणि आतून कुत्रं भुंकल्यावर आपल्या लेकीनं कुत्रं कधी पाळलं म्हणून चिडलो.

आणि दगड? दगड औषधालाही नव्हता. हिरवळ, हिरवळीच्या कडेला लाकडाचा भुसा, त्यापुढे डांबर. आठवडाभर मी खाली मान घालून चाललो आणि हातात आला तो फुटलेल्या काँक्रीटचा तुकडा. तो मी हिला दाखवायलाही नेला नाही.

पाचवीच्या वर्गाला मी आदिमानवाचा धडा शिकवायचो. माणूस भटकत भटकत नव्या प्रदेशात आला, पाण्याजवळ राहिला, स्थिरावला. हे सगळं दीड ओळीत उरकलेलं असे आणि मीही ते दीड मिनिटात उरकत असे. त्या दीड ओळीच्या आत काय काय असेल हे मला डब्लिनला येईपर्यंत सुचलंही नव्हतं. ज्या जमिनीवर आधी कुणी माणूसच नव्हता, तिथं पहिल्यांदा आलेल्या माणसानं विचारायचं कुणाला? पाणी बारा महिने टिकतं का, हा पाला खाल्ला तर चालतो का, थंडी किती कडक पडते. मला निदान फोन करून लेकीला विचारता येत होतं की मी उभा आहे तो कोपरा कुठला. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "बाबा, स्ट्रीटचं नाव वाचा ना!"

नावं मला लक्षात राहीनात. तेव्हा हिनं आपली नावं पाडली. पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या तळ्याला ही 'शेततळं' म्हणायला लागली. एका घरापुढे कायम पाण्याचं पिंप असायचं, तो 'पिंपाचा कोपरा'. जिथं बदकं रस्ता ओलांडायची ते 'बदकांचं नाकं'. महिन्याभरात जावईसुद्धा ऑफिसातून येताना फोनवर सांगायला लागला, "आई, मी पिंपाच्या कोपऱ्यावर आलोय, चहा टाका." जमीन अशीच ओळखीची होत असणार. पहिल्यांदा चुकायचं, मग नाव ठेवायचं, मग ते नाव दुसऱ्यानं घेतलं की ती जागा आपली झाली.

वसाहतीच्या मागे एक ओढा होता. तिथं मला अखेर दगड सापडले. पांढुरके, करडे, छान चपटे. जावई शनिवारी गाडी घेऊन आला आणि आम्ही एक पाट्याजोगा आणि एक लांबट असे दोन दगड घरी आणले. हिनं घासले, उन्हात वाळवले. दगडात बारक्या शिंपल्यांचे ठसे होते. ती नवलाई म्हणून लेकीनं फोटोही काढले. मग परीक्षा म्हणून हिनं कोथिंबीर, मिरची, मीठ घेतलं, वर लिंबू पिळलं आणि रगडायला सुरुवात केली. चटणीला फेस आला.

"अहो, हे काय?" ही हात वर घेऊन म्हणाली.

हिरवे बुडबुडे निघत होते, बारीक चर्र आवाज येत होता. मी क्षणभर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चुनखडक! चुनखडकावर आम्ल टाकलं की बुडबुडे येतात, हे मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं त्याला मोजदाद नाही. प्रत्यक्षात ते पाहण्याचा योग यायला मला ओहायोत येऊन बायकोची चटणी नासवावी लागली. लेक पोट धरून हसत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, प्लीज, मला हसवू नका, डिलिव्हरी इथंच होईल." ही मात्र हसली नाही. दोन्ही दगड उचलून तिनं मागच्या अंगणात नेऊन ठेवले.

पुढच्या शनिवारी जावयानं नदीपलीकडची एक घळ शोधून काढली. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तिथं काळा दगड आहे. काळा म्हटल्यावर आमचा जीव भांड्यात पडला. आणि खरंच काळा होता, अगदी आमच्या घाटातल्यासारखा. ही इतकी खुश झाली की तिनं त्याला हात लावून नमस्कार केला. मी मोठ्या रुबाबात एक लांबट तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटला, खणकन आवाज ऐकायला. भद्द झालं आणि हातातल्या दगडाचे पापडासारखे पापुद्रे सुटून माझ्या बुटांवर पडले.

"बाबा, टेन्शन नका घेऊ," जावई म्हणाला. तो नागपूरचा, स्वभावानं गार. "आमच्या इथल्या एका काकूंनी लाटण्याला झबलं घालून बारसं केलं होतं. मस्त झालं होतं."

"लाटणं?" ही म्हणाली. "लाकडाचं?" आणि ती गाडीत जाऊन बसली. मलाही आता त्या दगडांचा राग यायला लागला होता. काळा रंग पाहून आम्ही फसलो होतो. आपल्या मुलखात काळा म्हणजे कठीण, तो नियम आम्ही बॅगेत न ठेवताही बरोबर घेऊन आलो होतो. मला वाटतं, पहिल्या माणसांचीही अशीच फसगत झाली असेल. ओळखीच्या पाल्यासारखा पाला दिसला म्हणून खाल्ला असेल आणि घसा धरून बसले असतील. अनोळखी गोष्टीपाशी माणूस जपून राहतो, ओळखीच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टीपाशी मात्र गाफील होतो.

सप्टेंबर संपत आला. बाळंतपणाला तीनेक आठवडे राहिले होते. बसून कंटाळलेल्या लेकीला घेऊन आम्ही एका रविवारी जवळच्या गावातलं छोटं म्युझियम बघायला गेलो. जुन्या घराच्या चार खोल्या, त्यात नांगराचे फाळ, टोप्या, बाहुल्या. टेबलाशी एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या आणि आमच्याखेरीज तिथं कुणी नव्हतं. मी बाहुल्यांकडे बघत जांभया देत होतो तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हिची हाक आली. "अहो! इकडे या! लवकर या!" तिचा आवाज ऐकून मी धावलोच.

काचेच्या कपाटात वरवंटा होता. आपल्यासारखा आडवा फिरवायचा नव्हे, उभा धरून कुटायचा, खाली घंटेसारखा पसरलेला, पण वरवंटाच. काळपट हिरवा, हाताळून हाताळून गुळगुळीत. हिनं नाक काचेला लावलं होतं. "कुणाचा हो?" ती विचारत होती, जणू मालकीण आत स्वयंपाकघरात असेल.

टेबलापाशी बसलेल्या बाई आल्या. कुणीतरी काहीतरी विचारतंय याचाच त्यांना आनंद झाला असावा, कारण त्यांनी कपाट उघडून तो दगड हिच्या हातात दिला. हजारो वर्षांपूर्वीच्या इथल्या माणसांचा, म्हणाल्या. अक्रोड, मका कुटायचा. लेक मराठीतून सांगत गेली. बाई पुढे म्हणाल्या की हा दगड इथल्या जमिनीचा नाहीच. इथला दगड ठिसूळ, कुटायला निरुपयोगी. हा उत्तरेकडून, कॅनडातून आलाय. बर्फाच्या प्रचंड थरांनी ढकलत आणला, बर्फ वितळला तेव्हा तो मातीत राहिला. त्या माणसांनी नेमके हेच दगड वेचून घेतले. आजही जमीन खोल खणली की ते वर येतात.

मला त्या खोलीत उभ्या उभ्या जो आनंद झाला तो सांगता येत नाही. बर्फ मागे हटत असताना ज्या जमिनीवर माणसाचं पाऊल पडलेलं नव्हतं तिथं कुणीतरी पहिल्यांदा आलं असेल. दिसेल तो दगड उचलला असेल, पिठात कचकच लागली असेल, टाकला असेल. पांढरा टाकला, पापुद्र्यांचा टाकला. सांगायला टेबलाशी बाई नव्हत्या. कुणास ठाऊक किती पिढ्या दातांखाली खडे येत राहिले असतील. आणि मग कुणीतरी, बहुतेक एखाद्या वैतागलेल्या बाईनं, तिसऱ्या जातीचा दगड उचलला असेल आणि दुसरीला सांगितलं असेल, हा घे. आम्ही महिनाभर जे करत होतो ते सगळं त्यांचं करून झालं होतं. दीड ओळ म्हणे!

ही तो दगड परत द्यायला तयार नव्हती. अखेर लेकीनं तो हिच्या हातातून सोडवून घेतला.

दुसऱ्याच दिवशी लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. हिचा चेहरा पांढराफटक पडला आणि माझी घाबरगुंडी लपवायला मी जावयावर गाडीच्या किल्ल्यांवरून ओरडलो. पण सगळं सुखरूप झालं. नात झाली. इवलीशी, पण आवाज खणखणीत. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं तेव्हा ही भिंतीला टेकून रडली, आणि डोळे पुसून मला म्हणाली, "आता पाचवी शुक्रवारी. तुम्ही मला शब्द दिलाय."

वसाहतीच्या टोकाला नव्या घरांचे पाये खणायचं काम चालू होतं. खोल खणली की, असं बाई म्हणाल्या होत्या. गुरुवारी सकाळी मी खिशात दोन लिंबं आणि सुरी घेऊन तिथं गेलो. मातीचा डोंगर, आणि त्याच्या कडेला गोल गुळगुळीत दगडांची रास. गुलाबी, करडे, काळे. एक धिप्पाड मुकादम हेल्मेट हलवत माझ्याकडे आला, तिथं थांबायचं नाही म्हणून. माझं इंग्रजी व्याकरणात पक्कं आणि तोंडात कच्चं. मी म्हणालो, नातीसाठी एक दगड हवाय. त्याला पटेना. मग मी दोन हातांचा पाळणा करून दाखवला, त्यात दगड ठेवून दाखवला, खालून वरून फिरवून दाखवला. मग त्यानं स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि राशीकडे हात केला.

मी एकेक दगड उचलून दुसऱ्यावर वाजवायला लागलो. भद्द वाजला की टाकायचा. खणकन वाजला की लिंबाची फोड घासायची आणि कानाशी न्यायचा. चर्र झालं की टाकायचा. खड्ड्यातली माणसं काम थांबवून बघत होती. त्यांतला एक वर आला, त्यानं लिंबाची दुसरी फोड मागून घेतली आणि तोही घासायला लागला. आम्हां दोघांना मिळून एक सापडला. काळपट हिरवा, लांबट, मुठीत बसेल असा, वाजवला की देवळातल्या घंटेची आठवण व्हावी. पाट्यासाठी एक चपटा गुलाबी दगड निघाला, तो मला उचलेना. मुकादमानं तो ट्रकच्या मागे टाकला, मला शेजारी बसवलं आणि विचारलं, घर कुठे? मी म्हणालो, पिंपाच्या कोपऱ्यावरून डावीकडे. मग हातानं दाखवत नेलं.

ही दारातच उभी होती, लेक आणि बाळ आदल्या दिवशीच घरी आली होती. तिनं दगड पाहिले आणि घासून घेतले. भिजवलेले मूठभर तांदूळ रगडले आणि बोटावर पिठी घेऊन माझ्या तोंडात घातली. मी डोळे मिटून चावलं. कचकच नाही. पुन्हा चावलं. नाही. "जमलं हो," ही म्हणाली आणि मी ज्या तोऱ्यात सोफ्यावर जाऊन बसलो त्या तोऱ्यात निवृत्तीच्या सत्कारालाही बसलो नव्हतो.

शुक्रवारी संध्याकाळी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पूजा मांडली. निरांजन, कोरा कागद, जावयाच्या ऑफिसातलं पेन. धुराची घंटा वाजू नये म्हणून उदबत्ती अंगणात लावली होती. हिनं वरवंट्याला हळद-कुंकू वाहिलं, बाळाचं डोकं अलगद त्याला टेकवलं. बाळानं जांभई दिली, जावई फोटो काढत होता, मी उगीचच सगळ्यांना सूचना देत होतो. लेक शालीत गुरफटून बाजूला बसली होती. या सगळ्याची ती महिनाभर टिंगल करत आली होती, तेव्हाही करेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ती पुढे सरकली. तिनं त्या थंड दगडावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

"आई," ती म्हणाली, "आधीच्या बाळाचं काहीच केलं नाही ना आपण. त्याच्या नावानं पण एकदा कुंकू लावशील?"

हिनं करंड्यात पुन्हा बोट बुडवलं. वरवंट्यावर, पहिल्या टिळ्याच्या शेजारी, दुसरा टिळा लावला. मग मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडल्या, वर्षभराचं सगळं रडल्या, आणि त्या आवाजानं दचकून नातीनं असा काही सूर लावला की दोघींना रडता रडता हसू फुटलं. लेकीनं डोळे पुसले, हात पसरले आणि म्हणाली, "द्या इकडे तिला, भूक लागलीय."